उजेड कोणाच्या चेहऱ्यावर?

रमजानचा दुसरा अशरा लागला की वृत्तपत्रांच्या कार्यालयांत छायाचित्रांची रीघ लागते. रेशन किटचे वाटप, शिलाई मशीनचे वाटप, ईदच्या कपड्यांचे वाटप. मांडणी ठरलेली. एका पिशवीला सात-आठ जणांचे हात, सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे, आणि कडेला ओढणीने अर्धा चेहरा झाकून उभी असलेली एक बाई. बातमीत देणाऱ्या प्रत्येकाचे नाव असते, हुद्द्यासकट. घेणाऱ्या बाईचा चेहरा असतो, नाव नसते.

दान दाखवून द्यावे की लपवून, याचे उत्तर सूरह बकराच्या २७१व्या आयतीत आहे. तिचा आशय असा की उघडपणे दिलेले दान चांगलेच, पण गरजूला गुपचूप दिलेले त्याहून चांगले. म्हणजे उघड दान निषिद्ध नाही. ते पाहून दुसऱ्यालाही द्यावेसे वाटते, हिशेब चव्हाट्यावर राहतो. धोका आहे तो ‘रिया’चा, लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या नेकीचा. आजचा विषय याच तराजूत तोलायचा आहे, मात्र तो आपल्या गल्लीतला नाही. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतील डॉक्टरांपर्यंत वैद्यकीय माहिती पोचवणाऱ्या संस्था, आणि त्यांच्याकडे कधी वळणारा, कधी न वळणारा प्रसारमाध्यमांचा कॅमेरा, हा तो विषय.

औषधांची पेटी, रुग्णवाहिका, रक्ताच्या पिशव्या ही मदत आपल्याला समजते. माहिती ही मदत कशी, असे कोणीही विचारेल. एक साधे उदाहरण घेऊ. आपल्या शहरात अपघातात पाय फाटला तर डॉक्टर जखम धुतात आणि टाके घालतात. गोळीची किंवा स्फोटाच्या तुकड्याची जखम तशी नसते. बाहेरून ती बोटाएवढी दिसते, आत मांस मेलेले असते, त्यात माती आणि कपड्याचे धागे घुसलेले असतात. ती त्याच दिवशी शिवली तर आत सडते आणि पाय जातो, कधी जीवही जातो. म्हणून मेलेला भाग कापून काढायचा, जखम उघडी ठेवायची आणि चार-पाच दिवसांनी शिवायची. पहिल्या महायुद्धातील सर्जन हे अनुभवाने शिकले होते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या युद्ध-शस्त्रक्रियेच्या ग्रंथात ते सविस्तर दिलेले आहे, आणि तो ग्रंथ कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. तरीही प्रत्येक नव्या युद्धात शांततेच्या काळात शिकलेले हुशार डॉक्टर पहिल्या आठवड्यात जखमा शिवून मोकळे होतात. कारण त्यांना हे कोणी शिकवलेले नसते. शिकवण्याची गरजच पडलेली नसते.

त्यातही सर्जन जागेवर असला तर. अनुभवी डॉक्टर मारले जातात, पकडले जातात, देश सोडून जातात. मागे राहतात ते शिकाऊ. सीरियातील मदाया या गावाला वेढा पडला तेव्हा तिथे दंतवैद्यकाचे दोन विद्यार्थी आणि एक पशुवैद्य रुग्णांना सांभाळत होते. प्रसूतीच्या शस्त्रक्रियाही तेच करत होते आणि अडले की फोनवरून परदेशातील डॉक्टरांना विचारत होते. त्या वेढ्यात पाव पोचत नव्हता, पण संदेश पोचत होता.

या कामातील जगभर गाजलेले नाव म्हणजे डेव्हिड नॉट. वेल्समध्ये जन्मलेले हे लंडनचे रक्तवाहिन्यांचे सर्जन १९९३ मध्ये सारायेव्होला गेले आणि तेव्हापासून दरवर्षी काही आठवडे कुठल्या ना कुठल्या युद्धात घालवू लागले. २००८ मध्ये ते काँगोच्या पूर्व भागात रुत्शुरु येथे होते. सोळा वर्षांच्या एका मुलाचा हात सडत चालला होता. खांद्यासकट, गळपट्टीच्या हाडासकट तो काढला तरच मुलगा वाचणार होता. इतकी मोठी शस्त्रक्रिया नॉट यांनी पूर्वी केलेली नव्हती. त्यांनी लंडनमधील सहकारी मेरियन थॉमस यांना विचारले. थॉमस यांनी मोबाइलच्या संदेशातून एकेक पायरी लिहून पाठवली. मुलगा वाचला आणि ती बातमी जगभर गेली.

त्या बातमीचा नायक कोण होता? बहुतेक मथळ्यांत नॉट होते. काहींनी मोबाइललाच नायक केले. माझ्या मते खरी बातमी वेगळी होती. एका माणसाच्या डोक्यातील ज्ञान काही मिनिटांत आणि जवळपास फुकटात दुसऱ्याच्या हातात उतरू शकते, ही ती बातमी. नॉट यांना स्वतःला ते कळले असावे, कारण २०१५ मध्ये त्यांनी पत्नी एली यांच्यासह जी संस्था काढली तिचे मुख्य काम शस्त्रक्रिया करणे हे नाही, शिकवणे हे आहे. युद्धग्रस्त भागातील सर्जनना एकत्र करून पाच दिवसांचा अभ्यासक्रम शिकवायचा. रक्तस्राव कसा थांबवायचा, फुटलेले यकृत कसे बांधायचे, अडलेल्या बाळंतिणीला कसे वाचवायचे, भाजलेल्या जागी कातडी कशी लावायची. सीरियाच्या डॉक्टरांसाठी हा वर्ग तुर्कस्तानात सीमेजवळच्या गाझियानतेप शहरात भरला. पुढे येमेन आणि युक्रेनच्या डॉक्टरांपर्यंत तो गेला. एक सर्जन युद्धभूमीवर जाऊन महिन्याभरात जेवढे जीव वाचवील, त्याच्या कितीतरी पट त्याने शिकवलेले तीस जण आयुष्यभरात वाचवतील. हिशेब सोपा आहे.

मात्र वर्गाचा फोटो छापला जात नाही. तीस माणसे एका टेबलाभोवती उभी राहून प्लास्टिकच्या मानवी प्रतिकृतीकडे पाहत आहेत, यात वाचकाला काय दिसणार? म्हणून संस्थेचे नाव ब्रिटनभर झाले ते वेगळ्याच गोष्टीमुळे. २०१४ मध्ये अलेप्पोहून परतल्यावर दहाएक दिवसांनी नॉट बकिंगहॅम राजवाड्यात राणी एलिझाबेथ यांच्याबरोबर जेवायला बसले होते. राणीने विचारपूस केली आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. राणीने ओळखले, विषय बदलला, बिस्किटे मागवली आणि दोघांनी मिळून तिच्या कुत्र्यांना ती खाऊ घातली. २०१६ मध्ये बीबीसी रेडिओवरील मुलाखतीत नॉट यांनी ही आठवण सांगितली आणि ऐकणारे हेलावले. गोष्ट सुंदर आहे, खरी आहे, आणि तिने संस्थेचे भलेच केले. पण ती कोणाची गोष्ट आहे ते पाहा. लंडनचा सर्जन, इंग्लंडची राणी आणि राणीचे कुत्रे. नॉट ज्यांच्याबरोबर अलेप्पोत उभे होते आणि जे नॉट परतल्यानंतरही तिथेच उभे होते, ते सीरियन डॉक्टर त्या गोष्टीत कुठेच नाहीत.

अलेप्पो म्हणजे आपल्या उर्दूतील हलब. ज्याच्या काचेची आणि आरशांची ख्याती फारसी-उर्दू शायरीत शेकडो वर्षे गाजली तेच शहर. मराठी वृत्तपत्राचे पान उलटणाऱ्या माणसाला अलेप्पो आणि हलब एकच हे ठाऊक नसते, आणि उर्दू वाचणाऱ्या अनेकांनाही त्या बातम्या वाचताना ते आठवले नाही. त्या शहरात चौदाव्या शतकात बांधलेले अर्गून बिमारिस्तान, म्हणजे रुग्णालय, आजही ओळखता येते. एके काळी वैद्यकाचे ज्ञान याच प्रदेशांतून युरोपला जात होते. अल-जहरावींचा शस्त्रक्रियेचा ग्रंथ, त्यातील उपकरणांच्या चित्रांसह, बाराव्या शतकात लॅटिनमध्ये उतरला. आज तेच ज्ञान उलट दिशेने येते आहे, यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. उधार घेतलेले इल्म कधी ना कधी परत फिरते.

आता या कहाणीतील सर्वांत अवघड भाग. २०१६ मध्ये पूर्व अलेप्पोला वेढा पडलेला असताना तिथे ‘एम १०’ या सांकेतिक नावाचे रुग्णालय जमिनीखाली चालत होते. सांकेतिक नाव अशासाठी की खरे नाव घेतले तर बॉम्ब पडतो. नॉट यांनी लंडनमध्ये बसून, स्काइप आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून, तेथील सर्जनना जबड्याच्या एका गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेत मार्गदर्शन केले. त्याचे चित्रण बीबीसीने दाखवले. वैद्यकीय माहिती युद्धात कशी पोचते याचे याहून प्रत्ययकारी दृश्य क्वचितच कोणी दाखवले असेल. काही आठवड्यांतच जमीन भेदणारा बॉम्ब थेट शस्त्रक्रियागृहावर पडला. दोन रुग्ण मेले आणि रुग्णालय कायमचे बंद झाले.

२०१८ मध्ये नॉट यांनी जाहीरपणे शंका व्यक्त केली की चित्रण प्रसारित झाल्यावर आपला संगणक फोडून रुग्णालयाची नेमकी जागा शोधली गेली असावी. ही शंका आहे, ते सिद्ध झालेले नाही. एम १० वर त्यापूर्वीही अनेकदा हल्ले झाले होते. शहरावर महिनोन्‌महिने घिरट्या घालणाऱ्या विमानांना ते ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे, असेही तेव्हा सांगितले गेले. ते पटण्यासारखे आहे. तरी ज्या डॉक्टरने मदत म्हणून कॅमेऱ्याला आत येऊ दिले, त्याला आयुष्यभर हा प्रश्न घेऊन जगावे लागणार. बॉम्ब टाकणाऱ्याचा गुन्हा त्यामुळे रतीभरही कमी होत नाही, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. रुग्णालयावर हल्ला हा युद्धगुन्हा आहे. पण बातमी देणाऱ्याची जबाबदारी हा वेगळा प्रश्न आहे आणि तो टाळता येत नाही.

कोणी म्हणेल, जागा लपवण्यापेक्षा ती सगळ्यांना सांगून टाकावी, म्हणजे चुकून हल्ला होणार नाही. तेही करून झाले. अफगाणिस्तानात कुंदुझ येथे ‘मेदसाँ साँ फ्रंतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश सर्व पक्षांना कळवले होते. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अमेरिकी विमानाने त्यावर मारा केला. ४२ जण मेले. सीरियात संयुक्त राष्ट्रांनी रुग्णालयांच्या जागांची यादी करून रशियासह संबंधितांना दिली. यादीतील ठिकाणांवरही बॉम्ब पडले. मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने युद्धातील रुग्णालयांच्या संरक्षणासाठी ठराव क्रमांक २२८६ एकमताने मंजूर केला होता. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत एम १० बंद पडले.

मग कॅमेरा बंदच ठेवायचा का? नाही. मे २०१९ मध्ये इदलिब परिसरात बारा तासांत चार रुग्णालयांवर बॉम्ब पडले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विमानांवर नजर ठेवणाऱ्या स्थानिक लोकांच्या नोंदी आणि वैमानिकांच्या संभाषणाच्या ध्वनिफिती मिनिटामिनिटाने जुळवून दाखवले की ही विमाने रशियाची होती. त्या बातमीत कोणताही नायक नव्हता, अश्रू ढाळणारा निवेदक नव्हता. घड्याळ होते. आरोप झटकणाऱ्यांना उत्तर देणे तिने अवघड केले. माध्यमांचे लक्ष म्हणजे काय असू शकते याचा हा नमुना आहे, आणि त्यासाठी कोणत्याही डॉक्टरच्या तळघरात कॅमेरा न्यावा लागला नाही.

आपल्याकडे काय होते? दोन्ही भाषांतील वृत्तपत्रे रोज वाचतो, म्हणून दोघांबद्दल बोलण्याचा हक्क घेतो. मराठी वृत्तपत्रात हे विषय परदेशाच्या पानावर वृत्तसंस्थेच्या तीन परिच्छेदांत संपतात. मृतांचा आकडा, कोणाचा तरी निषेध, पुढची बातमी. उर्दू वृत्तपत्रांत जागा भरपूर मिळते, पण ती ‘मजलूम’, ‘शहीद’, ‘दरिंदगी’ या शब्दांनी भरते आणि मेलेल्या मुलांच्या छायाचित्रांनी. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते, त्याचा हात खिशात जातो, आणि पैसे कोणाला द्यावेत हे मात्र कळत नाही. तेथील सर्जनचे नाव काय, त्याला आज नेमके काय लागते, कोणते पुस्तक, कोणते प्रशिक्षण, कोणाशी बोलणे, हे दोन्हीकडे नसते. एका भाषेत दुर्लक्ष आहे, दुसऱ्या भाषेत आक्रोश आहे. माहिती दोन्हींत नाही.

वास्तविक हे काम करणारे बहुतेक लोक कॅमेऱ्यापासून दूरच राहिले. इंग्लंडमध्ये डेव्हिड मॉर्ले नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. नायजेरियातील इलेशा गावात काम करताना त्यांनी मुलांच्या वाढीचा एक साधा तक्ता घडवला. आपल्या अंगणवाडीत ताई बाळाचे वजन घेऊन ज्या तक्त्यावर टिंब टाकतात, त्याचा पूर्वज तोच. १९६५ मध्ये त्यांनी एक संस्था सुरू केली. गरीब देशांतील आरोग्यसेवकांना वैद्यकाची पुस्तके आणि शिकवण्याच्या चित्रफिती परवडेल अशा किमतीत टपालाने पाठवायची, एवढेच तिचे काम. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सहा मोठ्या प्रकाशकांना राजी केले आणि २००२ पासून ‘हिनारी’ या योजनेतून गरीब देशांतील संस्थांना वैद्यकीय नियतकालिके संगणकावर फुकट किंवा नाममात्र दरात मिळू लागली. १९८८ मध्ये सोमालीलँडमधील हर्गेसा शहर त्याच्याच देशाच्या विमानांनी बॉम्बने पाडले होते. लंडनच्या किंग्ज कॉलेजशी जोडलेले डॉक्टर आज तेथील विद्यार्थ्यांना पडद्यावरून शिकवतात. पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांसाठी ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी असेच वर्ग चालवले. दिवसभराची ड्यूटी संपवून तासभर एका रुग्णाच्या आजाराची चर्चा करायची, मग संगणक बंद करून झोपायला जायचे. या कामाचा फोटो काढायचा तरी कशाचा?

फोटो न निघणाऱ्या कामाचे काय होते, हे आपल्या सोलापूरकरांना सांगायला नको. १९३८ मध्ये जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. तेव्हा सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. पथकात अटल, बसू, मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी त्यांचे तिथेच निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यावरून ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली. कोटणीस घरोघरी पोचले ते या चित्रपटामुळे. त्याबद्दल अब्बास आणि शांताराम यांचे उपकारच मानले पाहिजेत.

पण पडद्यावर काय आले? युद्ध, प्रेम, प्लेगची साथ आणि त्यागाचा मृत्यू. प्रत्यक्षात कोटणीस प्लेगने गेले नाहीत, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील मोठे काम होते शिकवण्याचे. ते चिनी भाषा शिकले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहू लागले. मृत्यू आला तेव्हा ते लेखन चालूच होते. परक्या देशात, युद्धाच्या धामधुमीत, नव्याने शिकलेल्या भाषेत पाठ्यपुस्तक लिहिणारा हा मराठी माणूस. चित्रपटाने त्याचा त्याग अमर केला. त्याचे पाठ्यपुस्तक कोणाला दाखवावेसे वाटले नाही, आणि चीनमध्ये त्याने घडवलेल्या विद्यार्थ्यांबद्दल आपण तेव्हाही विचारले नाही, आजही विचारत नाही.

कॅमेरा योग्य जागी धरला तर काय होते याचीही उदाहरणे आहेत. २०१९ मधील ‘द केव्ह’ या माहितीपटात पूर्व घौता भागातील भूमिगत रुग्णालय आहे आणि त्याच्या मध्यभागी आहेत तेथील प्रमुख, तरुण बालरोगतज्ज्ञ डॉ. अमानी बल्लूर. औषध संपले म्हणून हताश होणाऱ्या आणि बाईने रुग्णालय चालवू नये असे सुनावणाऱ्या पुरुषाला तोंड देणाऱ्या. चित्रपट लोकांसमोर आला तेव्हा त्या तेथून बाहेर पडलेल्या होत्या. माझ्या दृष्टीने हा तपशील फार महत्त्वाचा आहे. आधी माणूस सुरक्षित, मग प्रसिद्धी. मासिकाला किंवा वाहिनीला दोन वर्षे थांबावे लागले तर त्यांनी थांबावे.

हा नियम आज सर्वांत जास्त लागू होतो अफगाणिस्तानला. तेथे आता वैद्यकीय माहिती बॉम्बने अडलेली नाही, फर्मानाने अडली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठे बंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणीचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची दारेही बंद झाली. जगात सर्वाधिक माता बाळंतपणात मरतात अशा देशांत अफगाणिस्तानची गणना होते, आणि अनेक भागांत बाईला पुरुष डॉक्टरने तपासणे मान्य नसते. म्हणजे नवी सुईण तयार होऊ द्यायची नाही आणि पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही. हे दीनच्या नावाने चालले आहे, म्हणून रमजानच्या पानावर त्याला दीन म्हणता येणार नाही हे लिहिणे मला आवश्यक वाटते. इल्म मिळवणे हे ज्या धर्माने कर्तव्य ठरवले, त्याच्या नावाने बाळंतिणीच्या खोलीतून इल्म हद्दपार करणे याला कोणताही आधार देता येत नाही. अफगाण मुलींना बाहेरच्या देशांतून गुपचूप ऑनलाइन शिकवणारे लोक आहेत. त्यांच्यावर जरूर लिहावे. पण पडद्याचे छायाचित्र घेतले आणि कोपऱ्यात एखादीचे नाव राहून गेले, तर तिच्या दारावर थाप पडेल. ‘आम्ही सर्वप्रथम दाखवले’ या आनंदाची किंमत तिने चुकवायची?

राहिला पैशाचा प्रश्न, कारण या महिन्यात तो निघणारच. जकातीचे आठ हकदार सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत ठरलेले आहेत. परदेशातील डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला ती रक्कम लागू होते की नाही, यावर उलेमांना विचारून निर्णय घ्यावा. इथे मी फतवा देणारा कोणी नाही. सदक्याला मात्र अशी चौकट नाही. माणूस गेल्यानंतरही ज्यांचे पुण्य चालू राहते अशा गोष्टींत, लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या इल्मची गणना हदीसमध्ये आहे. आपल्याकडे विहीर, मशीद, मदरसा यांना सदका-ए-जारिया म्हणायची सवय आहे. एखाद्या सर्जनला पाच दिवस शिकवण्याचा खर्च त्याच रांगेत का बसू नये? अशा संस्थांना देण्यापूर्वी दात्याने आणि पत्रकारानेही विचारण्यासारखे एवढेच की तुम्ही किती लोकांना शिकवले, ते आज कुठे आहेत, आणि तुमच्या पत्रकात त्यांची नावे त्यांच्या मर्जीने आहेत का? ज्या संस्थेला फक्त आपल्या संस्थापकाचे नाव सांगता येते, तिथे थोडे थांबावे.

आणि युद्ध पहिल्या पानावरून उतरल्यावरही विचारत राहावे. ८ डिसेंबर २०२४ रोजी सीरियातील असद राजवट कोसळली, आठवडाभर दमास्कसच्या चौकाचौकांत कॅमेरे होते. मग ते निघून गेले. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ज्या पिढीने अर्धे शिक्षण तळघरात घेतले, तिला खरे शिकवण्याची वेळ आता आली आहे. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ पासून युद्ध चालू आहे. खार्तूमसारख्या राजधानीतील रुग्णालये बंद पडली. आपल्या वृत्तपत्रांत त्या युद्धाला किती जागा मिळाली, हे वाचकाने स्वतः आठवून पाहावे. ती कमी का मिळाली, याचे ‘तिथे कोणी प्रसिद्ध माणूस गेला नाही’ याखेरीज दुसरे उत्तर मला तरी सापडत नाही.

यासाठी मराठी पत्रकाराला सुदानला जाण्याची गरज नाही. येमेन, सुदान, अफगाणिस्तान येथील विद्यार्थी वर्षानुवर्षे पुण्यात शिकत आहेत, आणि या दिवसांत मगरिबनंतर ते आपल्याच मशिदींच्या अंगणात इफ्तारला बसलेले दिसतात. काहींचे भाऊ, बहिणी, मामा तिकडे डॉक्टर किंवा परिचारिका आहेत. तिथे सध्या कोणते पुस्तक मिळत नाही, कोणती शस्त्रक्रिया कोणाला येत नाही, इंटरनेट दिवसातून किती तास असते, हे त्यांच्याकडून कळेल. त्यांच्याशी अरबीत किंवा फारसीत बोलू शकणारी माणसेही या शहरात आहेत. फक्त बोलणे झाल्यावर मोबाइल वर करण्याआधी त्यांना विचारावे. त्यांच्या घरची माणसे अजून तिकडेच आहेत.